ट्रक १९५०चा, मग इंजिन कधीचं?

प्रश्न: काका, नमस्कार. नुकताच शेव्हरोलेचा ३१०० ट्रक घेतला, अर्ध्या टनाचा. कागदावर साल १९५० आहे. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं की इंजिन कंपनीचंच आहे, आजवर उघडलेलंही नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर छोटी पट्टी आहे, तिच्यावर ३ एचपीसी आणि पुढे आकडे आहेत. इंजिनाच्या उजव्या अंगाला डिस्ट्रिब्यूटरजवळ उठावदार अक्षरांत डी २२ ५ असं दिसतं. दारांना फिरणारी तिकोनी काच आहे, बाहेरच्या हँडलला दाबायचं बटण आहे. समोरची काच दोन तुकड्यांची. आणखी एक गोष्ट छळते आहे: इंजिन सुरू केलं की ऑइलच्या मीटरचा काटा थेट शेवटच्या टोकाला जाऊन बसतो. ऑइलची वाट कुठे तुंबली आहे का? ट्रक खरंच १९५०चा आहे का, आणि इंजिन मूळचं आहे का? आठ फोटो जोडतो आहे.

उत्तर: आठातले सहा फोटो नव्या रंगाचे आहेत. रंग झकास लागलाय, पण मला त्याचा काही उपयोग नाही. माझ्या कामाचे फोटो दोन. एक दारावरच्या पट्टीचा, दुसरा बॉनेट उघडून उजवीकडून काढलेला. दुसऱ्यात टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं लांबट झाकण, पूर्ण दिसतं, आणि ते पाहूनच मी आकडे वाचायच्या आधी ओळखलं की हे इंजिन या ट्रकबरोबर जन्मलेलं नाही. का, ते पुढे सांगतो. आधी पट्टी.

३ हा कारखान्याचा क्रमांक, सेंट लुइसचा. एच म्हणजे १९५०. शेव्हरोलेच्या या ट्रकांना १९४७ साठी ई, १९४८ साठी एफ, १९४९ साठी जी, १९५० साठी एच, मग आय गाळून १९५१ साठी जे आणि १९५२ साठी के. १९५३ पासून अक्षरांचा हा खेळ संपला आणि पट्टीवर ५३, ५४ असे सालाचे आकडेच यायला लागले. पी म्हणजे ३१०० मालिका, म्हणजे तुमचा अर्धा टन. शेवटचा सी महिना सांगतो: ए जानेवारी, बी फेब्रुवारी, सी मार्च. तेव्हा पट्टीचं म्हणणं असं, की सेंट लुइस, मार्च १९५०.

ही पट्टी केबिनवर असते आणि दोन स्क्रूंनी धरलेली असते, हे मात्र विसरू नका. केबिन सडली की लोक दुसऱ्या ट्रकची केबिन बसवतात. कुणी जुनी पट्टी काढून नव्या केबिनवर लावतो, कुणी आलेल्या केबिनची पट्टी तशीच ठेवतो. म्हणून आकडा वाचला की लगेच चॅसीकडे वळायचं. चॅसीच्या लांब पट्टीवर, वरच्या अंगाला, ठोकलेला क्रमांक सापडतो का ते बघा. चिखल आणि ग्रीस रॉकेलने भिजवून चिंधीने पुसून काढा. ग्राइंडर लावू नका, तारेचा फिरता ब्रशही नको. ठशाची खोली नखाएवढीसुद्धा नसते. घासून चकचकीत केलेली जागा पुढे कुणालाही संशयास्पदच वाटते, तिथे कधीकाळी काही होतं हे मग तुम्ही कितीही सांगा.

चॅसीचा ठसा नाही मिळाला, तरी सुटे भाग बोलतात. तुमच्या पाचव्या फोटोत मडगार्डच्या मागे नळीसारखा उभा शॉकअप अर्धवट दिसतोय. १९४९ पर्यंत या ट्रकांना दांडीवाले, म्हणजे बाहेर आडवा हात आलेले शॉकअप असत. नळीवाले १९५० ला आले. पेट्रोलची टाकी सीटच्या मागे केबिनमध्ये आहे ना? तीही जागा १९४९ पासूनची. काच दोन तुकड्यांची, म्हणजे १९५४ च्या आधीची केबिन, कारण त्या साली एकसंध काच आणि नवी जाळी आली. इथवर सगळं पट्टीशी जुळतंय.

दारं मात्र जुळत नाहीत. फिरणारी तिकोनी काच १९५१ ला आली, आणि बटणाचं हँडल १९५२ ला. त्याआधी हँडल खाली फिरवून दार उघडावं लागे. म्हणजे तुमची दोन्ही दारं १९५२ च्या किंवा त्यानंतरच्या ट्रकची आहेत. यात फसवणूक मी मानत नाही. दार हा पहिला सडणारा आणि पहिला ठोकर खाणारा भाग, आणि वारा आत घेणारी काच मिळते म्हटल्यावर कुठल्याही ड्रायव्हरने मुद्दाम नवं दार पसंत केलं असतं. मागच्या कोपऱ्यांतल्या वाकड्या काचांवरून सालाचा अंदाज बांधू नका, तो महागाच्या केबिनचा साज होता, सालाशी त्याचा संबंध नाही.

आता इंजिन. १९५० साली अर्ध्या टनाच्या ट्रकमध्ये शेव्हरोले २१६ घनइंचाचं सहा सिलिंडरचं इंजिन देत असे. ते १९३७ ते १९५३ चाललं. त्याच्या टॅपेट कव्हरच्या माथ्यावर मधोमध दोन नट असतात, खालून आलेल्या स्टडवर आवळलेले. आणि पुशरॉडवरचं, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या उभ्या दांड्यांवरचं, बाजूचं झाकण उंच असतं, थेट प्लगांच्या वरपर्यंत चढतं, प्लग त्या झाकणाच्या खिडक्यांतून डोकावतात. तुमच्या फोटोत माथ्यावर नट नाहीत. कव्हर खालच्या कडेने चार स्क्रूंनी धरलंय, आणि बाजूचं झाकण बुटकं आहे, प्लगांच्या खालीच थांबलंय. हा तोंडवळा १९५४ पासूनच्या २३५ घनइंच इंजिनाचा.

यात एक खोच आहे, आणि तिथे भलेभले अडखळतात. २३५ नावाचं इंजिन मोठ्या ट्रकांसाठी १९४१ पासूनच होतं आणि बाहेरून ते अगदी २१६ सारखंच दिसे, माथ्यावर दोन नटांसकट. म्हणून दोन नट दिसले की लगेच २१६ म्हणून मोकळं होऊ नये. चार स्क्रू दिसले तर मात्र २१६ ची गोष्ट तिथेच संपली.

डी २२ ५ ही ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा, ओतल्याची तारीख. डी म्हणजे एप्रिल, २२ तारीख, आणि ५ हा सालाचा फक्त शेवटचा आकडा. दशक त्यांनी लिहिलंच नाही, ओतणाऱ्याला ते माहीत होतं! म्हणजे १९४५, १९५५ किंवा १९६५. १९४५ असतं तर कव्हर जुन्या घाटाचं असतं. १९६५ शक्य नाही, कारण तोवर शेव्हरोलेने ही जात बंद करून ट्रकांना नवं इंजिन दिलं होतं. उरलं १९५५. मार्च १९५० च्या ट्रकमध्ये एप्रिल १९५५ ला ओतलेला ब्लॉक कारखान्यातून आलेला असू शकत नाही.

तुमच्या ऑइलच्या काट्याचं उत्तरही यातच आहे. कुठे काही तुंबलेलं नाही. २१६ इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या, म्हणजे पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगला दाबाने तेल जातच नाही. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, छोटे हौद असतात, त्यांत नोझलमधून तेल पडतं, आणि रॉडच्या टोकाला लावलेली पळी दर फेऱ्याला त्यात बुडून तेल उडवते. अशा इंजिनाला दाब लागतो थोडाच, म्हणून तुमच्या डॅशबोर्डवरचं मीटर ३० पौंडांपर्यंतचंच आहे. १९५४ नंतरच्या २३५ मध्ये प्रत्येक बेअरिंगला दाबाने तेल पोचतं आणि चांगल्या इंजिनाचा दाब सहज ३० च्या वर जातो. काटा बिचारा भिंतीला जाऊन टेकतो. ६० पौंडांचं मीटर आणून लावा आणि शांत झोपा. डॅशबोर्ड जसाच्या तसा ठेवायचा असेल तर जुनं मीटर दिसायला राहू द्या आणि खरं मीटर बॉनेटखाली बसवा. पण जुनं मीटर लाइनवर जोडून ठेवू नका. रोज टोकाला आदळून त्याची आतली नळी कधीतरी फुटेल आणि गरम तेल तुमच्या पायावर येईल.

आणखी एक गोष्ट तुम्ही स्वतः बघा, फोटोत कळत नाही. वॉटर पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये जाड पत्र्यासारखी एखादी प्लेट आहे का? १९५५ पासूनच्या २३५ चा पंप उंच आहे, जुन्या ट्रकच्या रेडिएटरशी त्याचा पंखा नीट जुळत नाही. म्हणून इंजिन बदलणारे जाणते लोक जुना बुटका पंप ठेवतात आणि मध्ये ती प्लेट घालतात. प्लेट सापडली तर समजा की काम करणारा हुशार होता, आणि त्याला आपण काय करतोय हे पक्कं ठाऊक होतं. बॅटरीही बघा. हे ट्रक ६ व्होल्टचे, १२ व्होल्ट १९५५ च्या नव्या घाटाच्या ट्रकांपासून आले. तुमची १२ ची असेल तर इंजिनाबरोबर वायरिंगलाही हात लागला आहे.

‘कधी उघडलेलं नाही’ या वाक्यावर मला हसू आलं, रागावू नका. पळीने तेल उडवणाऱ्या २१६ चे बेअरिंग म्हणजे रॉडमध्ये ओतलेला पांढरा बॅबिट धातू. तो झिजला की चेंबर काढायचं, रॉडच्या कॅपखालचा कागदाएवढा पातळ शिम एक-एक करून काढायचा आणि पुन्हा आवळायचं. माझ्या उस्तादांनी मला हे काम ट्रकखाली झोपवून शिकवलं. कॅप आवळली की पुढचं हँडल हाताने फिरवायचं. सहज फिरलं तर ढिलं, फिरलंच नाही तर घट्ट, आणि मधाच्या बाटलीत चमचा फिरवल्यासारखं लागलं तर बरोबर. काम करणाऱ्या ट्रकचं चेंबर असं अनेकदा उतरलेलं असतं. जे इंजिन खरंच कधी उघडलेलं नाही, ते बहुधा फारसं चाललेलंच नसतं.

मग मूळ इंजिन ओळखायचं कसं? या काळच्या शेव्हरोलेत चॅसीचा क्रमांक इंजिनावर ठोकत नसत, ती पद्धत १९६० च्या दशकाच्या शेवटी आली. डिस्ट्रिब्यूटरजवळ सपाट केलेल्या जागेवर इंजिनाचा स्वतःचा क्रमांक ठोकलेला असतो, तो चॅसीशी जुळणार नाही आणि जुळायची गरजही नाही. त्यामुळे ‘हेच ते इंजिन’ असं ब्लॉककडे बघून कुणीच शपथेवर सांगू शकत नाही. सांगता येतं ते एवढंच, की हे इंजिन या ट्रकमध्ये असू शकलं असतं की नाही. जात बरोबर हवी, आणि ओतल्याची तारीख ट्रकच्या तारखेच्या थोडी आधीची हवी. तुमच्या मार्च १९५० च्या ट्रकसाठी ओतीव तारखेची सुरुवात एल आणि शेवट ९, किंवा सुरुवात ए वा बी आणि शेवट ०, असा २१६ चा ब्लॉक मिळाला, तर मी मान डोलावेन. फक्त तो ० म्हणजे १९४० नाही ना, हे पारखून.

एक अपवाद आहे. त्या वेळी अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत गाडीची नोंद इंजिनाच्या क्रमांकावर होत असे. तुमच्या ट्रकबरोबर जुनी कागदं आली असतील तर त्यांवरचा क्रमांक पट्टीचा आहे की इंजिनाचा, ते बघा. इंजिनाचा असेल तर पहिल्या इंजिनाचा धागा तुमच्या हाती आहे, इंजिन भंगारात गेलं असलं तरी.

ठसा वाचताना सपाट जागा तिरप्या टॉर्चच्या उजेडात बघा. कारखान्याच्या कटरच्या बारीक समांतर रेघा तिथे दिसायला हव्यात. रेघा नाहीत आणि जागा पॉलिश पेपरने गोल-गोल घासल्यासारखी दिसतेय, तर आकडे नंतर कुणीतरी ठोकलेत. आत गेलेल्या आकड्यांवर खडू चोळून वरचा पुसला की आकडा पांढरा उठतो. उठावदार ओतीव आकड्यांवर उलट करायचं, खडूचा आडवा हात हलकेच फिरवायचा.

खडूचा एवढा आग्रह का, तेही सांगतो. एकदा मी अशाच एका ब्लॉकवरची तारीख तेल-रंगाच्या थरावरून वाचली, सी म्हणून. मार्च. ट्रक मे महिन्याचा होता, म्हणजे हिशेब चोख. मालक इतका खूश झाला की त्याने ती तारीख पितळी पाटीवर कोरून डॅशबोर्डवर लावली. वर्षभराने रिबोअरिंगसाठी ब्लॉक रसायनाच्या टाकीत उकळला, सगळा रंग उतरला आणि सी च्या पोटात एक आडवी दांडी निघाली. जी! जुलै. मे मध्ये जुळवलेल्या ट्रकमध्ये जुलैत ओतलेला ब्लॉक. मालकाने मला फोन केला नाही, फक्त त्या अक्षराचा फोटो पाठवला. पाटी काढली की नाही, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

तुमच्या इंजिनाबद्दल माझं मत विचारलं नाहीत, तरी देतो. ते बदलू नका. रस्त्यावर ट्रक चालवायचा असेल तर दाबाने तेल देणारं २३५ हे त्या ट्रकला मिळू शकणारं सगळ्यात समजूतदार इंजिन आहे, आणि बाहेरून ते त्याच घराण्यातलं दिसतं. प्रदर्शनात गुण हवे असतील तर २१६ शोधा, दुरुस्त करून ठेवा, आणि विकताना दोन्ही द्या. विकताना कागदावर मात्र ‘मूळ इंजिन’ लिहू नका.

प्रश्न: आमच्याकडे फोर्डचं फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह हेडऐवजी ब्लॉकमध्येच असलेलं) व्ही-८ इंजिन सुटं पडून आहे. घरातले म्हणतात आजोबांच्या एफ-१ ट्रकमधलं. सगळा ब्लॉक साफ केला, पण गाडीचा क्रमांक कुठेच नाही. कुणी पुसला असेल का?

उत्तर: कुणी पुसलेला नाही. त्या फ्लॅटहेडच्या ब्लॉकवर गाडीचा क्रमांक नसतोच, साफसफाईचे कष्ट फुकट गेले म्हणा. आकार बघा, तोच सांगेल. एफ मालिका १९४८ ला आली आणि तिच्याबरोबर फ्लॅटहेडचा नवा घाट आला. हेडवरून पाणी बाहेर पडायचं तोंड कुठे आहे? हेडच्या मध्यावर असेल तर जुना घाट, पुढच्या टोकाला असेल तर नवा. मागे क्लचचं घर ब्लॉकमध्येच ओतलेलं असेल तर जुना, बोल्टने वेगळं लावलेलं असेल तर नवा. हेड स्टड-नटांनी धरलंय की बोल्टांनी? स्टड असतील तर जुनं. ही तिन्ही लक्षणं जुन्या बाजूची निघाली, तर इंजिन आजोबांच्या एफ-१ मध्ये चाललं असेलही, पण त्याच्याबरोबर आलेलं नाही.

मापं हवी असतील तर हेड उतरवल्यावर घ्या. १९३२ च्या पहिल्या २२१ घनइंची इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ३ १/१६ इंच, नंतरच्या २३९ चा ३ ३/१६ इंच, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, दोघांचा सारखाच, ३ ३/४ इंच. स्ट्रोक पूर्ण ४ इंच निघाला तर तो फोर्डच्याच मर्क्युरी मोटारीच्या २५५ घनइंची इंजिनाचा क्रँक आहे, आणि आजोबांनी किंवा त्यांच्या मेकॅनिकने ट्रकला थोडं जादा बळ दिलं होतं. बोअर मात्र जपून मोजा. रिबोअर झालेलं २२१ किती वाढलं आहे हे आधी कळलं पाहिजे, नाहीतर मधलंच काहीतरी माप येईल. आणि गंजलेले स्टड जोर लावून मोडू नका. आठवडाभर रोज भेदक तेल सोडा, हलक्या हातोडीने टिचक्या मारा. मी घाई करून एका हेडचे चार मोडले आहेत.

प्रश्न: जुन्या ट्रकच्या स्पीडोमीटरवर ४१,००० मैल दिसतात. यावरून तो किती चालला आणि किती जुना, हे काढता येईल का? टायरवरची तारीखही वाचली आहे.

उत्तर: पाच आकड्यांचा मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो. ४१,००० म्हणजे १,४१,००० असू शकतात, २,४१,००० असू शकतात, किंवा मीटर कुठल्यातरी दुसऱ्याच ट्रकचा असू शकतो. क्लच आणि ब्रेकच्या पेडलांवरचं रबर, आणि रबर नवं असेल तर त्याच्याखालच्या लोखंडाची डावी कड बघा. पायाने लोखंड गोल झालं असेल तर ४१,००० विसरा. टायरच्या तारखेवरून टायरचं वय कळतं. ट्रकचं नाही. तरी ती वाचलीत हे चांगलं केलंत, कारण तो आकडा तीनच अंकी असेल तर टायर २००० सालाच्या आधीचे आहेत, आणि त्यांच्यावर ट्रक रस्त्यावर नेऊ नका.